गच्च झाकण

ऐकू कमी येतं म्हणून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे आलेल्या शिंपीणबाईंना शेजारच्या जोडप्याचं मात्र सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. नवरा निवृत्त कंपाउंडर. मांडीवर काचेची बरणी.

"अहो, कुंड्यांची माती इथे कशाला आणलीत?"

"तयार झाली की नाही, ते दरवर्षी तूच सांगतेस ना, वास घेऊन."

"आता येतोय कुठे वास? त्यासाठीच तर बसलोय इथे."

"म्हणूनच आणली. डॉक्टरांनी औषध दिलं की लगेच हुंगून बघ."

"घातलंत काय काय?"

"बागेतली माती, गांडूळखत, पालापाचोळा. सगळं ग्रॅमवर तोलून."

"आणि पाणी?"

"भरपूर. मग झाकण गच्च लावलं, लेबल चिकटवलं आणि महिनाभर कपाटात."

"उघडा बघू."

कंपाउंडरांनी झाकण फिरवलं. शिंपीणबाईंनी झटकन रुमाल नाकाला लावला. समोरचे दोघे उठून खिडकीशी गेले. बायकोने बरणीत नाक खुपसलं, मग सगळ्यांवरून नजर फिरवली.

"अहो, सडवलीत की! जिवंत असते ती. तिला श्वास नको घ्यायला?"

"तुला वास आला?" कंपाउंडर ताडकन उठले.

"नाही हो. या बाईंचा रुमाल दिसला."