एक ओळ कोरी सोडायची होती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त माननीय उत्तमरावजी, मंचावर बसलेले डॉक्टर प्रेमानंद सर, संगणक विभागाच्या प्रतीक्षाताई, सिस्टर मंडळी, खामगावातून आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले पाहुणे, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून मागे उभे असलेले माझे सहकारी,

चौतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढल्यावर माणसाला बोलायची सवय राहत नाही. लवकर आटोपतो. तसाही थकलो आहे.

मघाशी प्रेमानंद सर म्हणाले, "गोपाळरावांनी आपल्या संगणकाला मराठी शिकवली." टाळ्याही झाल्या. खरं सांगायचं तर शिकवलं प्रतीक्षाताईंनी. या डोणगावच्या. खालच्या हॉलमध्ये पेशंट स्क्रीनवर नंबर टाकून रिपोर्ट पाहतात ना, ती वेबसाइट यांनी जावा नावाच्या संगणकाच्या भाषेत लिहिली. प्रोग्राम एकच, पण शब्द त्याच्या बाहेर ठेवलेले. इंग्रजीची एक फाइल, हिंदीची एक, मराठीची एक. पेशंटनं मराठीवर बोट ठेवलं की मराठीच्या फाइलीतले शब्द येणार. ती फाइल भरायचं काम माझ्याकडे आलं. चारशे बारा ओळी होत्या.

आणि एखादी ओळ कोरी राहिली तर? तर प्रोग्राम अडत नाही, तेवढ्यापुरता इंग्रजी शब्द दाखवतो. हे ताईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

मी भरत सुटलो. ओपीडीचं बाह्यरुग्ण विभाग केलं, रिपोर्टचं अहवाल केलं. अंगात आलं होतं म्हणा ना! शेवटी 'पॉझिटिव्ह' तेवढं राहिलं. ताई म्हणाल्या, "काका, हे राहू द्या ना कोरं. कोरोनापासून हा शब्द लहान लेकरालेही समजते." मी म्हणालो, "माझ्या फाइलीत एकही इंग्रजी शब्द नको." शब्दकोशात पाहिलं आणि लिहून टाकलं, 'सकारात्मक'.

सोनाळ्याच्या सत्यभामाबाई थुंकी तपासायला आल्या होत्या. टीबीचा संशय होता. रिपोर्ट चांगला असेल त्यानं डॉक्टरांच्या रांगेत ताटकळू नये, यासाठीच आपण ती स्क्रीन लावली होती. बाईंनी वाचलं, 'अहवाल : सकारात्मक'. दारात वंदना सिस्टर भेटल्या, त्यांना म्हणाल्या, "सकारात्मक आलं वो माय! मी काऊन उगाच भेऊन राह्यली होती?" आणि एसटी धरून घरी गेल्या. सिस्टरला दोष देऊ नका, त्यांच्याभोवती वीस माणसं होती. आपण नंतर फोन केले, पण तो नंबर मुलाचा जुना निघाला.

तीन महिन्यांनी मुलानं त्यांना धरून आणलं. सोबत सहा वर्षांची नात, ओवी. तीही खोकत होती. औषधं झाली, दोघीही वाचल्या. बाईंचं एक फुप्फुस मात्र कामातून गेलं. मी वॉर्डात जाऊन सगळं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत हो. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमीच तं लिहेल होतं, चांगलं हाय म्हणून." त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी ती ओळ बदलली. 'रोग सापडला आहे. डॉक्टरांना भेटल्याशिवाय घरी जाऊ नका.' ही मराठी मला आधी का सुचली नाही?

आता हे आनंदाच्या प्रसंगी कशाला उकरायचं, असं काहींना वाटत असेल. सांगतो. सोमवारपासून बाहेरच्या कंपनीची नवी वेबसाइट सुरू होते आहे. सहा भाषा आहेत. सगळे शब्द संगणकानंच एका दुपारात भरले. मराठीची फाइल बरोबर असल्याची सही माझी हवी, म्हणून ती माझ्याकडे आली. त्यात दोनशे सतराव्या ओळीवर तोच शब्द बसला आहे. मी दोनदा लिहून कळवलं. उत्तर आलं, "पुढच्या टप्प्यात पाहू, सध्या सही द्या."

मी सही दिलेली नाही. पण पाच वाजता मी निवृत्त होतो. मग माझ्या जागी येणारा देईल, आणि त्याचं तरी काय चुकेल? शब्द बरोबरच दिसतो. मलाही दिसला होता.

उत्तमरावजी, सव्वाचार झाले आहेत. आपण मान हलवता आहात, आभारी आहे. पण चौतीस वर्षांत हललेल्या माना मी पुष्कळ पाहिल्या. मला ती ओळ आज बदललेली पाहायची आहे. हार त्यानंतर घाला.

आपण सगळ्यांनी वेळ काढलात, प्रेम दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. आज बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. लिहिण्यात झालं ते मात्र घालू नका. ते सत्यभामाबाईंनी घातलं. त्यांनाही मी आज बोलावलं होतं, त्या आल्याही आहेत. जिना चढवत नाही, म्हणून खाली बाकावर बसल्या आहेत.