माहेरचा दोष

अंबरनाथला मुलांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. तापाने फणफणलेलं बाळ घेऊन एक सून आतून बाहेर आली आणि मागच्या बाकावर सासूशेजारी बसली.

"काय निघालं गं रिपोर्टात, पायल?"

"जीनमध्ये दोष आहे. एसटीएक्सबीपी-टू. रक्तातल्या पेशींत जंतू मारायच्या औषधाच्या बारीक पिशव्या असतात. त्या कडेला चिकटून उघडायला पाहिजेत. अथांगच्या चिकटतच नाहीत, म्हणून ताप उतरत नाही."

"आमच्या घरात असलं कोणाला नव्हतं. हे तुझ्या माहेरचं."

"आत्या, माझं माहेर म्हणजे कोण? तुझाच सख्खा भाऊ ना?"

"हळू बोल."

"का हळू? आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन दोष आले तरच हा आजार होतो. तुझ्या मुलाला तो तुझ्याकडून आला, मला पप्पांकडून. एकाच घरातून."

"मामाची पोरगी करणं आपल्यात पहिल्यापासून चालतं."

"चालतं म्हणून हा असा पडलाय."

"बरं, बाहेर बोलू नकोस. रविवारी भाऊ आपल्या घरी मांजर्लीला येतोय, धाकट्या राजरत्नसाठी मैत्रेयीचं नक्की करायला."

"माझ्या बहिणीचं? माझ्या माहेराला नावं ठेवतेस, आणि त्याच माहेरची दुसरी पोरगी पण तुलाच पाहिजे?"

"पायल, लोक बघतायत."

"बघू देत. रविवारी पप्पांसमोर हा रिपोर्ट मी मोठ्याने वाचणार. अथांगला तुझ्या मांडीवर ठेवून वाचणार."