सोयरिकीच्या गाडीतला हिटर

दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे जमनाबाईला कळत होतं. पण मग बोलणाऱ्यांनी हळू बोलावं की! शहादा स्टँडवर, मागच्याच बाकावर, उखा मिस्तरी आणि त्याची मोठी बहीण भांडत होते.

“आक्का, तुन्ही जुनी गाडीना हिटर बंद व्हता. मी मोटारना कार्बन नवा टाका, पंखा फिरना ना?”

“फिरना रे मन्हा भाऊ! पन आत फुक मारी व्हती का?”

“फुक कसाले?”

“वरीसभर त्या गाडीमा मिरच्या वाहतस आम्ही! मन्हा पोऱ्या ललितसाठे पोर दखाले चालनूत, तापीना पुलवर थंडी वाजनी, हिटर लावा, तं मिरचीनी भुकटी बठ्ठी तोंडवर! डोया लाल, नाक वाही ऱ्हायनं, तसाच पोरना दारमा उभा ऱ्हायनूत.”

“मंग? सोयरीक मोडनी?”

तळोद्याची गाडी लागली. जमनाबाईला त्याच गाडीने जायचं होतं, पण ती उठली नाही.

“पोरनी आजी म्हने, ‘लगीनना आधीच पोरसाठे इतला रडतस! आसं मायाळू सासर कोठे भेटी?’ तठेच सुपारी फुटनी.”

“मंग आते मोटार साफ करी देसू?”

“हात नको लावू! लगीनले बी त्याच गाडीमा जावानं शे. कोरडा डोया दखीसन आजीले संशय ई जाई!”