आतल्या कड्या

नाही हो दादा, नवीन नाही बसवायच्या, नुसत्या काढायच्या — न्हाणीची, आतल्या खोलीची आणि वरच्या खोलीची. तिन्ही. पुढच्या दाराची राहू दे, ती चोरांसाठी आहे. — लाकूड फुगलंय, कडी अडकते, म्हणून. — नाही फुगलेलं? बरं, तुम्ही सुतार, तुम्हाला जास्त कळणार. मग असं समजा, लेक आत अडकते आमची, घाबरते. — हां, तीच, मघाशी गाडीवरून गेली ती. वीस वर्षांची आहे. आता वीस वर्षांची मुलगी न्हाणीत अडकून रडत नाही हे मलाही कळतं, पण तोंडात आलं ते बोलले. काढा तुम्ही. आणि हातोडा नको, नुसता स्क्रूड्रायव्हर चालवा. वेळ लागला तर लागू दे, मला कुठं जायचंय.

हातोडा का नको? हे मागच्या पायरीवर बसलेत ना. खिडकीतून दिसतील बघा, पाठमोरे — बूट पॉलिश करतायत. रोज करतात, स्वतःचे, लेकीचे, माझ्या चपलासुद्धा. माझ्या रबरी चपला, त्यांना कसली चमक येणार, पण मी बोलत नाही, हात गुंतलेले बरे. बावीस वर्षं फौजेत होते, घरी येऊन तीन झाली. आवाज सोसत नाही. परवा शेजारी कपाट आडवं झालं तर हे सरळ पलंगाखाली, आणि मग दिवसभर माझ्याकडं बघेनात — लाज वाटते हो माणसाला. झोपेतून उठवायचं तर मी पायाशी, लांब उभी राहून हाक मारते. एकदा खांद्याला हात लावला होता, तर मनगट असं धरलं की महिनाभर मी पूर्ण बाह्यांचे कपडे घातले आणि लोकांना सांगितलं, ऊन लागतं. त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त लागलं ते. — नाही नाही, वेडेबिडे नाहीत. लोक तेवढंच म्हणतात. माझा दीर तर म्हणाला, पेन्शन आहे, घर आहे, सुख दुखतंय याला. एक रात्र येऊन झोप म्हणावं इथं.

नीट निघाली की ही. आता वरची— थांबा, आधी आतल्या खोलीची घ्या, वरची शेवटी. वरच्या खोलीचं काय झालंय, गेल्या महिन्यात यांचा एक सोबती गेला, एकाच तुकडीतले दोघं. मास्तर म्हणायचे त्याला, सगळ्यांची पत्रं तोच लिहून द्यायचा. हार्ट अटॅक आला — म्हणजे, सांगायचं ते तसं. मीही तेच सांगत फिरते, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं. त्याच्या बायकोनं मला स्वयंपाकघरात नेलं, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजात बोलली — जीव दिला त्यांनी, वहिनी, दार आतून लावलेलं होतं, तोडायला अर्धा तास गेला. त्याच सकाळी यांना फोन आला होता त्याचा. दोघं स्कूटरच्या टायरबद्दल बोलले. हे मला एवढंच म्हणाले, आवाज तर नेहमीसारखा होता त्याचा. तेव्हापासून रोज दुपारी वर जातात आणि कडी लावतात. कडीचा आवाज होतो आणि खाली भांडी घासता घासता माझे हात थांबतात. परवा यांनी मनगटावरचं घड्याळ लेकीला देऊन टाकलं. ती बिचारी खूश. घरातलं बरंच काही मी हलवलंय, कुलपात टाकलंय, आता राहिल्या या कड्या.

काय म्हणालात? खिडक्यांनाही आहेत. हो, आहेत. गच्चीच्या दारालाही आहे. — तेही खरंच, किती काढणार. — त्यांना विचारलं का? काय विचारू, दादा? फौजींच्या दवाखान्यातली बाई म्हणाली होती, सरळ विचारा, विचारल्यानं मनात नसलेलं मनात येत नाही. चिठ्ठीवर नंबर दिलाय तिनं, केव्हाही फोन करा म्हणाली. चिठ्ठी आहे माझ्याजवळ, घडीवर फाटायला आली. पण आमची रीतच वेगळी पडली हो. आमचा सगळा संसार फोनवर झालाय. तीन मिनिटं मिळायची, यांच्यामागं दहा जणांची रांग. तेव्हाच ठरलं होतं आमचं — वाईट विचारायचं नाही, वाईट सांगायचं नाही, तिथं डोकं शांत पाहिजे माणसाचं. माझी आई गेली ते मी दहा दिवसांनी सांगितलं. यांच्या पायात लोखंड शिरलं ते मला सुट्टीवर आल्यावर, चालण्यावरून कळलं. फार अभिमान होता आम्हाला त्याचा, बाकीच्या बायका फोनवर रडतात, मी नाही रडत. आणि आता एका घरात आहोत, तरी तसंच — जेवलीस? हो, तुम्ही? झालं. लेक? बरी आहे. संपली तीन मिनिटं. मी थकले हो आता. पहारा करून थकले, नुसती बायको म्हणून जगून किती दिवस झाले.

थांबा, वरची नका काढू. म्हणजे काढायचीच आहे, आजच काढायची, पण त्यांना सांगून. चोरून नको. — कसं विचारतात असलं? जीव द्यावासा वाटतो का तुम्हाला? असंच? — तोंडातून निघालं बघा. पहिल्यांदाच निघालं.

तुम्ही जा आता, दादा. संध्याकाळी या, सामान राहू दे इथंच. नको, बोलू नका काही, आत्ता नाही गेले तर पुन्हा भांडी घासायला लागेन मी. दार नुसतं लोटून घ्या.

अहो. जरा सरकता का? मला बसायचंय इथं. — नाही, जेवणाचं नाही विचारत.