सात नंबरचा प्रश्न

नाही, पण मी म्हणतो, 'पोहता येतं का?' हा काय फॉर्मवर विचारायचा प्रश्न झाला? आणि तोही सात नंबरला! आधी नाव, पत्ता, वय, रक्तगट, मग जवळच्या नातेवाइकाचा फोन... हा फोन त्यांना कशाला हवाय ते तेव्हाच कळायला हवं होतं, पण नाही कळलं, माणूस आपला भरत जातो, भरत जातो आणि सातव्यावर येऊन आदळतो. पुढे दोन चौकोन. हो आणि नाही. 'लहानपणी एकदा बुडता बुडता वाचलो', हे लिहायला जागाच नाही! आणि तुम्हाला सांगतो, बादलीत तांब्या बुडताना बघूनही जो दोन पावलं मागे सरतो, त्या माझ्या हातानं सात नंबरला 'हो'वर खूण केली!

का केली? मेहुणा! आमच्या हिचा धाकटा भाऊ. तो ते शिडाच्या होडीच्या वर्गाचे फॉर्म घेऊन आला, टेबलावर टाकले आणि म्हणाला, "ताई, तू ये गं. भावोजींचं काय, ते काठावर बसतील, चपला सांभाळतील." चपला! आता मला सांगा, यावर माणूस काय करेल? घेतलं पेन आणि केली खूण. अशी दाबून केली की खालच्या टेबलक्लॉथला भोक पडायचं बाकी राहिलं.

हे दाबून लिहिणं लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे. कारण मी लायसन्सच्या ऑफिसात, खिडकी नंबर तीन. सव्वीस वर्षं लोकांचे फॉर्म तपासतोय. 'उंची पाच फूट आठ', बरं, जरा उभे राहता का? 'चष्मा नाही', बरं, ती समोरची पाटी वाचता का? आणि सव्वीस वर्षांत एक गोष्ट शिकलो, माणूस खोटं लिहितो ना, तेव्हा पेन जास्त दाबतो. कागद पालथा करायचा, अंगठा फिरवायचा, खोटं हाताला लागतं! ऑफिसात मला 'अंगठा' म्हणतात मागून. त्या अंगठ्यानं स्वतःचा फॉर्म दुमडला आणि मुकाट्यानं मेहुण्याच्या हातात दिला.

आणि हे सगळं कशापायी? डॉक्टर म्हणाले होते, "ब्लडप्रेशर आहे, जरा हालचाल ठेवा." जरा! हिनं त्या 'जरा'चा अख्खा उन्हाळा केला. शनिवारी पहाटे पळायचं, एका रविवारी डोंगर, दुसऱ्या रविवारी तळ्यावर शिडाची होडी. तिथे शिकवायला एक निवृत्त बाई, गळ्यात शिट्टी, आवाज असा की वारासुद्धा दिशा बदलेल. पहिल्याच दिवशी बाईंनी जाहीर केलं, "'हो'वाले होडीत, 'नाही'वाले काठावर. आणि शेवटच्या रविवारी होडी उलटवायची परीक्षा."

मी म्हटलं, "बाई, उलटली तर सरळ करायची, असं ना?"

"उलटली तर नाही. आपण उलटवायची."

मुद्दाम! अहो, चांगली चाललेली होडी! अंगात जॅकेट घालायचं म्हणे, ते तरंगतं. ते तरंगेल हो! पण त्यात मी राहीन का? आणि सांगणार कुणाला? सात नंबरला 'हो'!

मग मी ठरवलं, आजारी पडायचं. आता हसू नका, तुम्हाला वाटतं तितकं सोपं नसतं ते. शनिवारी पळताना मी मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता धरायचो, म्हटलं घोटा मुरगळेल, महिनाभर प्लास्टर, सुटलो! कसला मुरगळतोय! आठवड्याला एक याप्रमाणे सगळे खड्डे तुडवले आणि घोटे असे दगडासारखे घट्ट झाले. डोंगरावर ओले मोजे घालून वाऱ्यात बसलो, सर्दी व्हावी म्हणून. सर्दी मेहुण्याला झाली! शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरकडे गेलो, म्हटलं, ब्लडप्रेशर बघा, नक्की वाढलंय, मला आतून कळतंय. त्यांनी पट्टा गुंडाळला, फुसफुस केलं आणि उठून माझ्याशी हात मिळवला! "कमाल केलीत, तरण्या पोराचं आहे. चालू ठेवा." रडायला आलं मला त्यांच्या खुर्चीत. एका भीतीपायी पळत होतो आणि त्या पळण्यानं माझी सुटकेची वाट बंद करून टाकली!

एक-आड-एक रविवारी होडीत. वारा आला की ते शिडाचं आडवं दांडकं इकडून तिकडे, बाई काठावरून ओरडणार, "डोकं!", आणि मी डोकं खाली घालून डोळे मिटून दोन्ही हातांनी होडी धरून. आणि ही? ही पुढे बसून दोरी ओढतेय, केस उडतायत, गाल लाल, गुणगुणतेय! मी आपला मनाला समजवायचो, घाबरू नकोस रे, ही आहे ना. ही 'हो'वाली आहे. वेळ आली तर कॉलर धरून ओढेल. बावीस वर्षं ओढतेच आहे. खरं सांगू का, तेवढ्या एका आधारावर मी ते चार रविवार काढले. आणि मेहुणा काठावर, डोळ्यांना दुर्बीण. मला वाटायचं, देखरेख करतोय.

आला हो आला, शेवटचा रविवार आला. मी सकाळपासून चार वेळा जाऊन आलो, कुठे ते विचारू नका. धक्क्यावर पोचलो तर बाई म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसातले ना? हे फॉर्म जरा नंबरानं लावून द्या." गठ्ठा हातात आला, आणि सवय हो, सव्वीस वर्षांची सवय, कागद पालथे होतायत आणि अंगठा फिरतोय. पहिला मेहुण्याचा. सात नंबर अगदी सपाट, गुळगुळीत. सरळ करून बघितलं, 'नाही'! म्हणजे मला चपला सांभाळायला बसवणारा हा माणूस उन्हाळाभर स्वतःच चपला सांभाळत बसला होता! हसायला येणार होतं, पण तेवढ्यात अंगठा दुसऱ्या कागदावर गेला.

हिचा फॉर्म. सात नंबर. अहो, ही एवढी टेकडी!

तुम्हाला सांगतो, आतापर्यंत मी माझ्यासाठी घाबरत होतो, ती भीती ओळखीची होती, घरातली होती. ही भीती वेगळीच. ही माझ्यासमोर जॅकेटचे बंद बांधतेय, गुणगुणतेय, आणि हिला पोहता येत नाही! आणि ही चार रविवार कुणाच्या भरवशावर बसली होती? माझ्या! सांगायला तोंड उघडतोय तोवर बाईंनी ढकललं, बसलो होडीत. मध्यावर पोचलो. काठावरून शिट्टी. "उभे राहा दोघं! एका कडेला! वाका मागे!"

आणि मी ओरडलो! सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असा ओरडलो, "थांबा! हिला पोहता येत नाही!"

आणि त्याच क्षणाला ही ओरडली, "थांबा! यांना पोहता येत नाही!"

झालं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय, होडी डुलतेय.

मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"बावीस वर्षं तोंड धुताना बघतेय तुम्हाला. पाणी मारताना श्वास कोंडून धरता, नाक चिमटीत धरून! वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल..."

"अगं, पण मग तू का 'हो' लिहिलंस?"

"मग काय तुम्हाला एकट्याला पाठवू पाण्यात?"

तेवढ्यात बाईंची शिट्टी पुन्हा, "जॅकेट आहे ना अंगात? मग घरच्या गप्पा कसल्या मारताय?" दचकून आम्ही दोघंही एकाच कडेला झुकलो, आणि...

गेलो! पाणी! कानात, नाकात, तोंडात, सगळीकडे हिरवं, वर कुठे आणि खाली कुठे कळेना, छाती फुटतेय, हाक मारायची तर तोंडात पाणी, आणि डोक्यात एकच, ही कुठे आहे, ही कुठे आहे... आणि भस्सकन वर आलो! जॅकेटनं आणलं. बघतो तर ही शेजारीच, केस डोळ्यांवर, आणि दोन्ही मुठींत माझी कॉलर! आणि माझ्या दोन्ही मुठींत तिची. "मला काय धरताय, होडी धरा!" "तू धर आधी!" "तुम्ही धरा!" करत आम्ही तसेच गोल फिरतोय. मेहुण्यानं काठावरून दोरी फेकली. ती बरोबर माझ्या डोक्यावर पडली.

बाईंनी दोघांना नापास केलं. हरकत नाही! मला वाटलं, सुटलो. पण आमची ही! टॉवेल गुंडाळून दात वाजवत म्हणते, "आता आधी पोहायला शिकायचं. दोघांनी. उद्याच."

झालं, दुसऱ्या दिवशी पोहण्याच्या तलावाच्या ऑफिसात. लहान मुलांच्या उथळ तलावाची बॅच. आणि पुन्हा फॉर्म! नाव, पत्ता, वय, रक्तगट, जवळच्या नातेवाइकाचा फोन... आणि सात नंबरला, शपथ सांगतो, सात नंबरलाच, 'पाण्याची भीती वाटते का?' ही शेजारी. मागे रांगेत सहा-सात वर्षांची पोरं, टोप्या घालून, माझ्याकडे बघतायत. आता त्या पोरांसमोर काय लिहू? केली 'नाही'वर खूण. पण या वेळी शहाणा झालो होतो, पेन अगदी हलकं धरलं, मोरपीस फिरवावं तसं. बघू कुणाच्या अंगठ्याला लागतंय!

हिनं फॉर्म घेतला, पालथा केला, अंगठा फिरवला. माझा धंदा, माझ्यावरच! आणि म्हणते, "एवढ्या हलक्या हातानं खरं कोण लिहितं हो? द्या ते पेन इकडे."

खोडलं आणि समोर लिहिलं, 'हो. खूप.' त्या पोरांसमोर!

तेव्हापासून ठरलंय आमचं. फॉर्म तिनं भरायचे... बुडायचं मी.