दाराबाहेरचं स्टूल

आजच्या या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, ज्यांच्या चादरीच्या कारखान्यातल्या मोटारी इतकी वर्षं आपल्या सत्कारमूर्तीच्या भरवशावर फिरल्या, ते आदरणीय सिद्धलिंगप्पा. ऑनलाइन पदवीच्या अभ्यासकेंद्राच्या प्रमुख आणि आजच्या पाहुण्या चेतनाताई. सत्कारमूर्ती कुमारी दानेश्वरी, बी.ई. इलेक्ट्रिकल – हे ‘बी.ई.’ मी मुद्दाम सावकाश म्हणतोय, ते ऐकायला एक माणूस फार आतुर होता. तसंच तिच्या मातोश्री शिवबाई. कारखान्यातली सहकारी मंडळी, होटगीहून टेम्पो करून आलेले शेजारी, आणि जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो,

बोलायला सुरुवात करण्यापूर्वी दोन विनंत्या. एक, मागचं दार कुणी लावू नका. एसीचा गारवा बाहेर जातोय हे मलाही कळतंय, पण राहू द्या उघडं. दुसरी, त्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल ठेवलंय. त्यावर कुणी बसू नका आणि वाटेत येतंय म्हणून सरकवूही नका. कारण सांगणार आहे, धीर धरा.

आणि एक सांगू का? जन्म गेला माझा तंत्रनिकेतनात शिकवण्यात, सोलापुरातली सभागृहं मला पाठ आहेत. इतका शांत श्रोता मी कधी पाहिला नाही. बाहेर नवी पेठेत रिक्षा कोकलतायत आणि इथे पोरंबाळंसुद्धा गप्प. सूत्रसंचालक आपले एरवी काय गर्जतात! आज माईक हातात असून कानात सांगितल्यासारखं बोलले. तुमच्या लक्षात आलं का हे? असो.

मी कमलाकर. माझा आणि दानेश्वरीचा संबंध शिक्षक-विद्यार्थिनीचा नाही. मी तिचा पर्यवेक्षक. ही पदवी अशी असते की तास संगणकावर, प्रात्यक्षिकं सुट्टीच्या दिवशी कॉलेजात, आणि लेखी परीक्षा उमेदवारानं आपापल्या घरी बसून द्यायची. मग कॉपी होऊ नये म्हणून काय करायचं? तर माझ्यासारखा एखादा निवृत्त म्हातारा स्वतःच्या घरी संगणकासमोर बसवायचा. उमेदवाराच्या कॅमेऱ्यातून तो पेपर संपेपर्यंत त्याच्यावर नजर ठेवतो. नियम एकच आणि सरळ, खोलीत दुसरं माणूस नको. दिसलं तर बाहेर काढायचं. नाही गेलं तर पेपर रद्द. मी शिस्तीचा माणूस आहे, हे माझे जुने विद्यार्थी सांगतील. सांगताना जे शब्द वापरतील ते मात्र इथे नकोत.

आता सिद्रामप्पांबद्दल. दानेश्वरीचे वडील. होटगीच्या अलीकडच्या रेल्वे फाटकावर गेटमन होते. डिप्लोमा झालेली मुलगी कारखान्याची नोकरी सांभाळून घरबसल्या इंजिनिअर होणार म्हटल्यावर गृहस्थ थेट अभ्यासकेंद्रात धडकले. चेतनाताई हसतायत, त्यांना आठवतंय. काय विचारलं होतं त्यांनी? “मॅडम, ह्या डिग्रीला मान्यता हाय न्हवं? का नुसतीच भिंतीवर लावायची?” ताईंनी सगळं समजावलं, मान्यतेचं पत्र दाखवलं. गृहस्थ घरी गेले आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. असे तीनदा आले. तिसऱ्यांदा म्हणाले, “तुमची मान्यता हाय ओ. पण लोकांची? उद्या कुणी म्हनंल, फाटकवाल्याच्या पोरीनं घरात बसून, बापाला शेजारी घेऊन पेपर लिवला.”

आणि म्हणून काय केलं या माणसानं? प्रत्येक पेपरला खोलीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसायला लागले. फाटकावरच्या केबिनमधलं स्टूल, निवृत्त होताना आठवण म्हणून मागून आणलेलं. कुणी आत जायचं नाही, कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. दूधवाला आला तरी ओठांवर बोट. शिवबाई एकदा म्हणाल्या, अवो, तास झाला, चहाला तरी उठा. तर म्हणे, “बदली माणूस आल्याबिगर जागा सोडता येत न्हाय.” रेल्वेतला नियम आहे तो. फाटकावरचा माणूस, दुसऱ्यानं येऊन ‘मी घेतलं’ म्हणेपर्यंत जागचा हलत नाही. नोकरी संपली तरी नियम अंगातून गेला नव्हता.

शेवटच्या पेपराची सकाळ. उजाडता उजाडता सिद्रामप्पा गेले. झोपेतच.

चेतनाताई मूळच्या रत्नागिरीच्या, म्हणून त्यांच्यासाठी सांगतो, बाकी सभागृहाला नवं नाही. या लिंगायत घरांमध्ये गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. बसवतात. भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला विभूती, डोक्याला फेटा, गळ्यात हार. माणूस ध्यानाला बसल्यासारखा दिसतो आणि बसलेल्या स्थितीतच त्याची माती होते, म्हणजे दफन. सिद्रामप्पांना आतल्या खोलीत बसवलं होतं. त्यांचे धाकटे भाऊ दुपारपर्यंत पोचायचे होते. आणि इंटरनेटची वायर होती ती त्याच खोलीत.

दानेश्वरी म्हणाली, मी पेपर देत नाही. हा पेपर बुडाला तर नोंदणीची मुदत संपत होती, म्हणजे सगळे पेपर पहिल्यापासून. तरी ती म्हणाली, नाही देत. तेव्हा शिवबाईंनी आलेल्या बायामाणसांना अंगणात मांडवाखाली नेऊन बसवलं, भजन थांबवलं, आणि लेकीला खांद्याला धरून संगणकासमोर आणलं. “कुंद्रु,” म्हणाल्या. कानडीत बस म्हणजे. “अप्पा बसल्यात, तू बी बस. त्यास्नी मधीच हलवायचं न्हाय, आन तुलाबी.”

यातलं मला काहीही माहीत नव्हतं. मी माझ्या घरी, चहाचा कप बाजूला, चष्मा पुसून बसलो होतो. पडद्यावर दानेश्वरी आली. चेहरा सुजलेला. मला वाटलं, रात्रभर अभ्यास. आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं तर भिंतीला टेकून एक आजोबा. हार, विभूती, डोळे मिटलेले. मला वाटलं घरात काही पूजा असेल, म्हातारा जपाला बसलाय. राग आला मला. शेवटच्या पेपराला हे चाळे?

मी माईक सुरू केला. म्हटलं, “मागे बसलेल्या आजोबांनी कृपया खोलीबाहेर जावं.”

मुलगी मागे वळली नाही. नुसती माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघत राहिली. मी आवाज चढवला. “आजोबा, तुमच्यामुळे मुलीचा पेपर रद्द होईल. बाहेर जा.”

आणि ते उठले.

मंडळी, मी पाहिलं ते सांगतो, वाढवून नाही, कमी करून नाही. त्यांनी डोळे उघडले. डावा हात गुडघ्यावर रोवला, उजव्या हातानं धोतराचा सोगा गोळा केला आणि उठले. दाराची चौकट ठेंगणी असावी, वाकून बाहेर गेले. जाताना मागे वळून मुलीच्या पाठीकडे एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं. मी म्हटलं, धन्यवाद, सुरू करा. पुढे पेपर संपेपर्यंत तिच्यामागची भिंत मोकळी होती. मोकळी भिंत आणि बंद दार. मी नजर हलवली नाही, तो माझा धर्मच होता.

दानेश्वरीनं काय ऐकलं? माझा आवाज, आणि पाठीमागे दार लागल्याचा. तिला वाटलं अव्वानं, म्हणजे आईनं, लावलं असेल. मन घट्ट करून तिनं लिहायला घेतलं. वेळ संपली, पडदा बंद झाला, ती वळली. अप्पा होते तिथेच होते. भिंतीला टेकून, मांडी घालून, डोळे मिटून. दार मात्र बंद, आणि कडी बाहेरून लावलेली. शिवबाई शपथेवर सांगतात की मांडवातून कुणी उठलं नव्हतं.

दुपारी माती झाली. पुढे निकाल लागला, मुलगी पहिल्या वर्गात आली, टाळ्या वाजवायला हरकत नाही. … वाजवल्यात, पण किती हळू!

हे सगळं मला कळलं ते शिवबाई माझा पत्ता काढून घरी आल्या तेव्हा. सोबत दानेश्वरी. मला वाटलं पेढे द्यायला आल्या. पेढे होतेच. ते टेबलावर ठेवून शिवबाई म्हणाल्या, “मास्तर, आमच्या मालकास्नी भाईर जा म्हनलेले तुमीच का?”

मी म्हटलं, “हो. आणि ते शहाण्यासारखे गेले. कसे आहेत आता?”

माझा हा प्रश्न ऐकून दानेश्वरीनं तोंडाला ओढणी लावली. मग शिवबाईंनी सगळं सांगितलं. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. आणि शेवटी म्हणाल्या, “ते अजून भाईरच हायती.”

मी इंजिनिअर माणूस. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, “शिवबाई, परीक्षा संपल्याची सूचना पडद्यावर येते. ती आली होती.”

“ती पोरीला आली की. त्यास्नी कुणी सांगितलं?” म्हणाल्या. “तुमी भाईर काढलं. आत या म्हनून कोन म्हनलं?”

खरंच, आमच्या नियमांत बाहेर कसं काढायचं ते आहे. आत कसं बोलवायचं ते नाहीच.

मी होटगीला त्यांच्या घरी जाऊन आलो. खोलीच्या दाराबाहेर हेच स्टूल होतं. रात्री आत ठेवलं तरी सकाळी बाहेर येतं, असं शिवबाई सांगतात. ते मी पाहिलेलं नाही, तेव्हा त्यावर बोलत नाही. मी जे पाहिलं ते एवढंच की गॅसवाला सिलिंडर घेऊन आला. रस्त्यावरून आरोळी ठोकत आला होता. उंबऱ्यात पाय ठेवला आणि कुजबुजला, “कुटं ठेवू?” त्याचं त्यालाही कळलं नाही. शेजारीण वाटी मागायला आली, तीही कुजबुजत. आणि चहा घेऊन निघताना मी म्हटलं, येतो शिवबाई. तर माझा स्वतःचा आवाज मला ऐकू आला नाही. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा हा आवाज! मी तसाच निघून आलो. रिकाम्या स्टुलाशी बोलायची मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

उद्या दानेश्वरी हुबळीला इंजिनिअर म्हणून रुजू व्हायला निघते आहे. आई तिच्यासोबत जाते. घराला कुलूप लागणार. आठ दिवसांपूर्वी शिवबाईंचा फोन आला. एवढंच म्हणाल्या, “मास्तर, आमी दोघी जातोय. त्यो मानूस कुनाच्या हुकमावर जागा सोडंल?” त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. विचार करा, माणूस आयुष्यभर हुकमावर बसला, हुकमावर उठला. मेल्यावरसुद्धा, केवळ लेकीच्या पदवीवर कुणी बोट ठेवू नये म्हणून, माझ्यासारख्या परक्याच्या एका शब्दावर उठून बाहेर गेला. आणि आता बंद घराच्या आत, कुणीही नसलेल्या खोलीच्या राखणीला त्यानं बसून राहायचं? मला ते सहन होत नाही.

म्हणून मीच शिवबाईंना म्हटलं, स्टूल टेम्पोत घाला आणि घेऊन या. आज तुम्ही सगळे त्या स्टुलाच्या शेजारून आत आलात. आता कळलं ना, इतके शांत का आहात?

अध्यक्षमहाराज, भाषणाच्या मध्येच एक कार्यालयीन काम उरकतो, परवानगी असावी. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी दारातून जरा बाजूला व्हावं. आणखी थोडं. वाट राहू द्या.

सिद्रामप्पा, मी पर्यवेक्षक कमलाकर बोलतोय. पेपर संपला. आपण बाहेर असल्यामुळे परीक्षा नियमाप्रमाणे पार पडली, तसा शेरा मी स्वतः दिलेला आहे. मुलगी उत्तीर्ण झाली. पदवीला मान्यता आहे, विद्यापीठाची आहे आणि इथे बसलेल्या लोकांचीही आहे. तुमची जागा मी घेतली. तुम्ही सुटलात. आता आत या.

…

या. शिवबाईंच्या शेजारची खुर्ची तुमचीच आहे.

…

शिवबाई, डोळे पुसा. दानेश्वरी, तू मागे वळून पाहिलंस तरी आता चालेल, पेपर नाही हा.

माझं लांबलं. अध्यक्षांनी, चेतनाताईंनी आणि आपण सर्वांनी या म्हाताऱ्याला सांभाळून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. सत्काराच्या भाषणात बोलू नये ते बोललो असेन, कुणाच्या श्रद्धेला किंवा कुणाच्या बुद्धीला धक्का लागला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. दानेश्वरीला हुबळीत उदंड यश लाभो.

अरे, ते बाळ रडायला लागलं बघा! रडू दे, गप्प करू नका त्याला. आणि तुम्हीही बोला की मोकळेपणानं. हां, असा आवाज पाहिजे सोलापूरचा!

मागे कोण आहे? ते दार आता लावून घ्या.