एकोणिसावं झाड

सन्माननीय अध्यक्ष फादर इग्नाटिओस, व्यासपीठावरचे मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आज तेलाची गिरणी बंद ठेवली ते आमचे अनेस्टिसकाका, आणि भाजलेल्या मटणाच्या वासाने चुळबुळ करणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

बावन्न वर्षं काकांनी या बेटावरच्या ऑलिव्हच्या रोपांना वळण लावलं. तीन फांद्या राखायच्या, मधलं पोट मोकळं करायचं, म्हणजे ऊन आत उतरतं. कुठल्या तीन, ते काकांनी ठरवायचं. मी एकदा चौथीसाठी हुज्जत घातली, तर म्हणाले, तुला तेल हवंय की सरपण? असो.

माझा भाऊ स्ट्रातिस एकोणीस रोपं लावून मासेमारीला गेला. होडी सापडली, तो नाही. फांद्या काकांनी दाखवल्या, तरी आपल्याकडे पहिली छाटणी लावणाऱ्याच्याच हातची. दुसऱ्याने कात्री लावली की लावणारा गेला असं धरायचं. आई कुणाला झाडांना हात लावू देईना. रोपं माजली. आईचं जेवण तुटलं.

तो गेल्यानंतरच्या तिसऱ्या फेब्रुवारीत, चर्चच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी बघते, तर एकोणीसही झाडं छाटलेली. काप सगळे उलटे, डावखुऱ्याचे. स्ट्रातिस डावखुरा होता. आई त्या दिवशी पोटभर जेवली. पुढे नऊ वर्षं जगली, रोज एक ताट जास्त वाढून.

आता सांगा, काकांसारख्या उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या उजव्याच अंगठ्यावर कात्रीचा वण कसा येतो? मी तो वण बघत होते आणि मनातून धुमसत होते. आईला खोट्या आशेवर ठेवलं म्हणून काकांशी धड बोललेसुद्धा नाही. आई गेली. तिला ती नऊ वर्षं कुणी दिली, ते मला फार उशिरा कळलं. काल माफी मागायला गेले.

काका म्हणाले, "पेलाजिया, अठरा मी कापली. अंगठा कापला म्हणून घरी गेलो. विहिरीजवळचं उरलं होतं. पहाटे उरकायला आलो, तर ते झालेलं होतं."

आज सकाळी मी विहिरीवर जाऊन आले. तिथल्या झाडावरचे जुने कापही अजून ओळखू येतात, डावखुरेच आहेत. काकांच्यापेक्षा सफाईदार आहेत. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू?

काका, तुमचे उपकार मोठे. फादर, समारंभात हे बोलायला नको होतं, पदरात घ्या. सर्वांची मी ऋणी आहे. आणि टेबलं मांडणाऱ्या मंडळींना एक विनंती, माझ्या शेजारी एक ताट जास्त ठेवा.